बाकीचे काय करत होते?

ग्रंथपालबाईंना नोकरी आधी लागली आणि लग्न नंतर झालं, हे शहरात आता फारच थोड्यांना आठवत होतं. मुलाखतीला आलेल्या त्या मुलीनं ग्रंथालयाच्या नियमावलीतली एक विसंगती मंडळाच्या तोंडावर दाखवून दिली होती. नियमावली लिहिली होती अध्यक्षांनी, म्हणजे वकील अण्णांनी. अण्णा आधी रागावले, मग हसले, आणि घरी जाऊन बायकोला म्हणाले, "नोकरी त्या मुलीला देतोय. मुलगाही तिलाच देऊन टाकावा म्हणतो."

पण लोकांची आठवण सोयीची असते. वीसेक वर्षांनी शहरात एवढंच उरलं, की अध्यक्षांनी सुनेला खुर्चीवर बसवलंय. त्यात तेल ओतायला खुद्द अण्णाच होते. मंडळाची सभा असो, वाचनकक्ष असो, चारचौघांत ते तिला 'सूनबाई'च म्हणत. "सूनबाई, मागच्या सभेचं इतिवृत्त वाच." बाई वाचायच्या आणि मनातल्या मनात दातओठ खायच्या. घरी सूनबाई म्हणा, आनंद आहे. पण या इमारतीत मी ग्रंथपाल आहे, हे एक वाक्य इतकी वर्षं त्यांच्या घशात अडकून बसलं होतं. नवऱ्याला सांगावं, तर तो दातांचा डॉक्टर. दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात पटाईत, स्वतःचं बापापुढे कधी उघडलं नाही.

तर अशा या बाईंनी स्वतःच्या हिमतीवर एक प्रदर्शन आणायचं ठरवलं. नाव होतं, 'बाकीचे काय करत होते?' दूरच्या एका देशात दोन पिढ्यांपूर्वी वंशसंहार झाला होता. एका जमातीची माणसं गावंच्या गावं वेचून मारली गेली. मारणारे कोण आणि मरणारे कोण, हे पुस्तकांत येतंच. हे प्रदर्शन मधल्यांचं होतं: ज्यांनी मारलं नाही आणि जे मेलेही नाहीत, त्यांनी तेव्हा काय केलं? पाहिलं, पाठ फिरवली, टाळ्या वाजवल्या, दार उघडलं, की दार लावून घेतलं? ते मोठमोठ्या शहरांच्या संग्रहालयांतून फिरत होतं. बाईंनी पत्रामागून पत्रं पाठवून, फोन करकरून, शेवटी ते आपल्या एवढ्याशा ग्रंथालयात खेचून आणलं.

अण्णांनी सभेत विरोध केला. "सूनबाई, लोक इथं पेपर वाचायला येतात. दुसऱ्यांच्या मढ्यांचे फोटो कशाला लावायचे? आपला काय संबंध?"

"संबंध आहे का नाही, ते बघून ठरवू या की, अण्णा," बाई म्हणाल्या.

ठराव कसाबसा मंजूर झाला. सभा संपल्यावर अण्णा काठी टेकत उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरं. पण फसलं, तर निस्तरायचं तुझं तू." बाईंनी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी पोटभर जेवण केलं, हे विशेष.

प्रदर्शनाच्या पेट्या वेळेवर आल्या. पेट्यांबरोबर येणारी प्रदर्शनवाली बाई मात्र वाटेत गाडी बिघडल्यामुळे अडकून पडली. ती उद्घाटनाच्या सकाळपर्यंत काही पोचत नाही, असा तिचा फोन आला. "फलकांच्या मागे आकडे आहेत, त्याप्रमाणे लावा," असंही ती म्हणाली. पण फोनवर खरखर एवढी, की बाईंना त्यातलं 'लावा' तेवढं ऐकू आलं.

लावायला दोनच माणसं होती: बाई आणि त्यांचे सहायक. सहायकांना सारं शहर शूकाका म्हणायचं, कारण वाचनकक्षात कुणी खोकलं तरी ते ओठांवर बोट ठेवून 'श्शू' करत. अक्षर मोत्यासारखं, आणि नियम जिभेच्या टोकावर. दोघांनी पेट्या उघडल्या, फलक भिंतीला टेकवून ठेवले आणि ग्रंथालयातली माणसं जे करतात तेच केलं. एकेक फलक उभं राहून संपूर्ण वाचला आणि विषय ठरवला.

"बाई, हा पोस्टातल्यांबद्दल आहे. आणि हासुद्धा."

"मग ते एकत्र. इकडे शिक्षक घ्या. डॉक्टरांचे खिडकीजवळ. वर्तमानपत्रांचे पेपरांच्या टेबलामागे."

"आणि शेजारी?"

"शेजाऱ्यांचे दाराजवळ," बाई म्हणाल्या. "शेजाऱ्यांशी प्रत्येकाची गाठ पडतेच."

आयुष्यभर ज्यांनी पुस्तकं विषयवार लावली, त्यांना दुसरं काही सुचणार तरी कसं? दुपार उलटेपर्यंत हॉल भरला. एका भिंतीवर वकील, एका खांबावर बसचालक, पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलासमोर ग्रंथालयं. सगळं जागच्या जागी. बाईंनी दारातून पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. इतका नीट लावलेला इतिहास त्यांनी कुठं पाहिला नव्हता.

प्रदर्शनवाली सकाळी आली ती घामाघूम. हातातली पिशवीही न ठेवता तिनं हॉलभर एक चक्कर मारली, आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हे काय केलंत तुम्ही? हे तारखेप्रमाणे लावायचं असतं! आधी चेष्टा सुरू झाली, मग याद्या, मग दुकानं बंद केली, मग घरं, मग माणसं. पायरी पायरीनं वाढत गेलं, तेच तर दाखवायचंय. मागे आकडे घातलेत ते कशासाठी?"

बाईंनी एक फलक उलटून पाहिला. आकडा होता. चांगला ठसठशीत होता.

"असं चालायचं नाही," प्रदर्शनवाली म्हणाली. "करारात लिहिलंय, क्रम बदलायचा नाही. मला हे उतरवून परत न्यावं लागेल."

आणि नेमके तेव्हाच अण्णा दारात उभे होते. उद्घाटन त्यांच्याच हस्ते होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि काठीवर दोन्ही हात ठेवून तिथंच उभे राहिले. ते बोलले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. अख्खं शहर उद्या म्हणणार होतं, की सुनेनं हट्टानं आणलं आणि उलटंपालटं लावलं. वीस वर्षं ज्या खुर्चीत त्या मान ताठ ठेवून बसल्या, ती एका सकाळीत सासऱ्यांची मेहेरबानी होऊन जाणार होती.

"आजचा दिवस राहू द्या," बाई म्हणाल्या. "लोक दारात आलेत. चूक माझी आहे, शूकाकांची नाही. संध्याकाळी मी स्वतः शिडीवर चढून सगळं तारखेप्रमाणे लावते. पण आत्ता दार बंद ठेवून लोकांना परत पाठवणार नाही."

प्रदर्शनवालीनं घड्याळ पाहिलं, दाराबाहेरची गर्दी पाहिली, आणि पाण्याचा पेला घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली. "फक्त आज," ती म्हणाली.

लोक आत आले. आधी ते इकडेतिकडे घुटमळले, आणि मग गंमत झाली. जो तो आपल्या भिंतीकडे गेला. ठरवून नव्हे, देवळाबाहेर पायांना जशा आपल्याच चपला आपोआप सापडतात, तसं. पोस्टमनदादा टपालाची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून पोस्टाच्या फलकापुढे थांबले. तिथं लिहिलं होतं, की त्या देशात संहाराचा पत्ता सगळ्यांत आधी पोस्टमनांना लागला. पत्रं परत येऊ लागली होती. गल्लीच्या गल्ली, घेणारं कुणी नाही. बहुतेकांनी पत्रांवर शिक्का मारला आणि ती परत पाठवली. एकानं वरिष्ठांना विचारलं, 'ही माणसं गेली कुठं?' त्याची बदली झाली.

पोस्टमनदादांनी ते दोनदा वाचलं. मग शेजारी उभ्या असलेल्या बसचालकाला म्हणाले, "मी विचारलं असतं का रे?"

"तू?" बसचालक म्हणाला. "तू तर साहेबाला रजा विचारायला घाबरतोस." आणि हसता हसता त्याची नजर खांबावरच्या त्याच्या फलकाकडे गेली. त्यावर माणसं भरून नेणाऱ्या बसगाड्यांची एक रांग होती आणि प्रत्येक गाडीत एक चालक होता. तो हसायचा थांबला.

दुपारपर्यंत हॉलमध्ये बाजार भरावा तसा आवाज झाला. शिक्षिका आपसांत भांडत होत्या, की वर्गातली एक रांग रिकामी झाल्यावर हजेरी घेताना त्या शिक्षकांनी तोंडातून काय काढायला हवं होतं. औषधांच्या दुकानवाला डॉक्टरांना विचारत होता, "खरं सांगा, त्या खोट्या मृत्यूदाखल्यांवर तुम्ही सही केली असती?" शूकाकांनी दोनदा ओठांवर बोट नेलं. तिसऱ्यांदा बाईंनी त्यांचा हात खाली केला, आणि भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी काढून कपाटात ठेवून दिली. शूकाका बघतच राहिले. ती पाटी त्यांनीच रंगवलेली होती.

अण्णा सकाळपासून वकिलांच्या भिंतीपुढे उभे होते. खुर्ची आणून दिली तरी बसले नाहीत. तिथल्या वकिलांनी कुणाला गोळी घातली नव्हती. त्यांनी फक्त मसुदे केले होते: कोण नागरिक, कोण नाही, कुणाचं घर कुणाला द्यायचं. बाई चहा घेऊन गेल्या तेव्हा अण्णा एका कायद्याचं कलम चष्मा वर करून वाचत होते.

"भाषा निर्दोष आहे," ते म्हणाले. "एक शब्द काढता येत नाही, एक घालता येत नाही. मीही असंच लिहिलं असतं, सूनबाई." चहा त्यांच्या हातात तसाच निवत राहिला.

बाईंना त्या दिवशी स्वतःच्या भिंतीपुढे जायला संध्याकाळ झाली. ग्रंथालयांचा फलक त्यांनी लावताना वाचलाच होता, पण लावताना वाचणं वेगळं. फोटोत देवघेवीचं टेबल होतं, त्यामागे नीट भांग पाडलेला एक ग्रंथपाल. मारल्या जाणाऱ्या जमातीची घरं सील झाली, म्हणून त्यांचा पत्ता राहिला नाही. पत्ता नाही, म्हणून त्यानं त्यांची सभासदत्वाची कार्डं परत घेतली. नंतर त्याला कुणीतरी विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, 'मी एकही नियम मोडला नाही.' बाईंना हे वाक्य ओळखीचं वाटलं. असंच वाक्य त्या स्वतःबद्दल अभिमानानं सांगत असत.

हॉल रिकामा झाल्यावर बाईंनी पदर खोचला आणि शिडी ओढली. प्रदर्शनवाली स्टुलावरून उठली.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी हे प्रदर्शन घेऊन किती ठिकाणी फिरले. लोक सुरुवात करतात, मध्ये कंटाळतात आणि शेवटी 'फार वाईट झालं' म्हणून घरी जातात. इथं कुणी 'फार वाईट झालं' म्हणालंच नाही. सगळे 'मी काय केलं असतं' म्हणत होते." मग जरा ओशाळून म्हणाली, "पण तारखांचं काय करायचं? पायऱ्याही कळायला हव्यात."

तारखांचं उत्तर शूकाकांकडे होतं. पुस्तकांच्या सूचीत 'हेही पाहा' अशी चिठ्ठी असते. एका विषयाकडून दुसऱ्याकडे वाट दाखवणारी. त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात तशा चिठ्ठ्या लिहिल्या, प्रत्येक फलकाच्या कोपऱ्यात तारीख आणि 'यानंतर काय झालं ते तिकडे पाहा'. ज्याला पायऱ्यांनी जायचं, त्यानं तसं जावं. प्रदर्शनवालीनं करार करणाऱ्यांना फोन लावला, बराच वेळ हुज्जत घातली आणि फोन ठेवून बाईंकडे बघून हसली. बाईंनी शिडी जागेवर ठेवली. त्या घरी गेल्या त्या जमिनीपासून चार बोटं वर.

प्रदर्शन गाजलं. आसपासच्या गावांतून माणसं आली. लोक रस्त्यात बाईंना थांबवून बोलू लागले. सभासद नसलेले आले, कधी पुस्तक न उघडलेले आले. अण्णाही रोज येत आणि पेपरांच्या टेबलाशी बसत. पेपर समोर असे आणि नजर भिंतीवर. पण 'सूनबाई' काही सुटलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी शहराच्या टोकाला असलेल्या गोदामामागच्या वस्तीतून दोघी आल्या. तिथं राहणारी माणसं कुठल्याशा मारकाटीतून जीव घेऊन पळून आलेली होती. पत्र्याची खोपटं, नळ रस्त्यापलीकडे. शहरानं त्यांना हाकललं नव्हतं आणि 'या' असंही म्हटलं नव्हतं. दोघींत एक म्हातारी होती आणि एक तिची सून. सून फलक वाचून म्हातारीला हळू आवाजात सांगत होती. म्हातारी मान हलवत होती, जशी आपल्याच गावची बातमी ऐकावी. दोघींनी सगळ्या भिंती पाहिल्या. मग सून देवघेवीच्या टेबलाशी आली.

"एक पुस्तक मिळेल का हो? गोष्टीचं," ती शूकाकांना म्हणाली. "जाडजूड द्या. लवकर संपणारं नको. वस्तीत झोप येत नाही कुणाला, मी वाचते आणि बाकीचे ऐकतात."

शूकाकांनी प्रेमानंच हसून सभासदाचं कार्ड पुढ्यात ओढलं, पेन उघडलं आणि वीस वर्षं जे विचारलं तेच विचारलं.

"कायमच्या पत्त्याचा पुरावा?"

तेवढ्यात कोण जाणे कसं, हॉलमधलं बोलणं थांबलं होतं. तो प्रश्न प्रत्येकाला ऐकू गेला. टेबलासमोरच्या भिंतीवर नीट भांग पाडलेला तो ग्रंथपाल सगळ्यांकडे बघत होता. शूकाकांनीही मान वर करून त्याला पाहिलं, आणि त्यांचं पेन हातातच राहिलं.

"असू दे," वस्तीतली सून म्हणाली. तिला सवय असावी. तिनं म्हातारीचा हात धरला.

"थांबा," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

त्या शूकाकांच्या खुर्चीत बसल्या. त्यांचं पेन घेऊन, विचारून, कार्डावर तिचं नाव लिहिलं. पत्त्याच्या ओळीवर त्यांचा हात क्षणभर थांबला. नियम अण्णांचा होता, अण्णा तिकडे टेबलाशी बसले होते, आणि आज सगळं शहर बघायला हजर होतं. उद्या या खुर्चीवरून उठावं लागलं तर लागलं, असं त्यांनी ठरवलं आणि पत्त्याच्या ओळीवर या ग्रंथालयाचाच पत्ता लिहिला.

"बाई," शूकाका कुजबुजले, "नियम... अण्णासाहेब बसलेत."

अण्णा उठलेच होते. काठीचा ठक ठक आवाज हॉल ओलांडून टेबलापर्यंत आला. गर्दी बाजूला झाली. त्यांनी कार्ड उचललं, डोळ्यांपुढे धरलं, लांब धरलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"चुकलंय हे," ते म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या. "अण्णा, चुकलं असेल तरी मी..."

"बोलू दे मला. ग्रंथालयाचा पत्ता घातलास. उद्या पुस्तक परत आलं नाही, तर ग्रंथालय नोटीस कुणाला पाठवणार? स्वतःलाच? पत्ता असा हवा, जिथं जबाबदार माणूस सापडतो." त्यांनी बाईंच्या हातातलं पेन घेतलं, बाईंनी लिहिलेली ओळ वकिली पद्धतीनं सरळ रेघ मारून खोडली, बाजूला सही केली, आणि त्याखाली स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला. घराचं नाव, गल्ली, सगळं. मग वस्तीतल्या सुनेकडे वळले. "पोरी, हा नियम मी लिहिलाय. मसुदा निर्दोष आहे म्हणून इतकी वर्षं मिरवत होतो. पुढच्या सभेत तो काढतो. तोवर तू आमच्या घरची."

म्हातारीनं काय झालं ते सुनेला विचारलं. सुनेला सांगता येईना, म्हणून तिनं नुसता तिचा हात दाबला.

"आणि वस्तीतल्या बाकीच्यांना माझा पत्ता घाला!" मागून पोस्टमनदादा ओरडले. "नोटीस आली तरी मलाच आणायचीय, एक फेरा वाचेल!" हॉल हसला. बसचालक म्हणाला, माझाही घाला. एक शिक्षिका पुढे आली. शूकाका डोळे पुसत कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढू लागले. त्यांनी कुणालाही श्शू केलं नाही.

अण्णांनी कार्ड टेबलावर ठेवलं. त्यावर एकच जागा रिकामी होती. त्यांनी कार्ड फिरवून बाईंच्या पुढ्यात सरकवलं, पेन उघडंच त्यांच्या हातात दिलं, आणि सगळ्या शहरासमोर, सभेत वापरायच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"ग्रंथपालबाई, सही करा."

बाईंनी सही केली. अक्षर जरा वाकडं आलं, कारण कार्ड नीट दिसत नव्हतं. मग त्या उठल्या, कपाटातून हाताला येईल ते सगळ्यांत जाड पुस्तक काढलं, आणि वस्तीतल्या सुनेच्या हातात दिलं.